कानात सांगितलेली नोकरी

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्यभर शिक्षक पात्रता परीक्षा झाली. तिच्या आदल्या रात्री कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यात सोनगे येथे पोलिसांनी छापा घातला आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका आधी मिळवून देतो असे सांगून उमेदवारांकडून पैसे घेणारी टोळी पकडली. एका उमेदवाराचा भाव तीन लाखांच्या आसपास होता, असे तपासात पुढे आले. जप्त केलेल्या वस्तूंत उमेदवारांची मूळ शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि कोरे धनादेशही होते. पंधरा-सोळा वर्षे शिकून मिळवलेले कागद आणि रक्कम न लिहिलेला सही केलेला धनादेश! माणूस या दोन गोष्टी परक्याच्या हाती केव्हा देतो, याचा विचार केला म्हणजे नोकरीच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीचे मूळ सापडू लागते.

या परीक्षेला बसणारे सारेच बेकार तरुण नव्हते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालामुळे, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे भाग झाले होते. ज्यांची निम्मी हयात फळ्यासमोर गेली, त्यांनाही पुन्हा परीक्षार्थी व्हावे लागले. गरज वाढली की दलाल येतो, हा बाजाराचा जुना नियम आहे. धान्याची टंचाई झाली की साठेबाज येतो आणि नोकरीची टंचाई झाली की नोकरी विकणारा येतो. फरक एवढाच की साठेबाजाच्या कोठारात धान्य तरी असते.

समजुतीचे भांडवल

कोल्हापुरात पहाटे रंकाळ्याच्या काठाने किंवा गावोगावच्या रस्त्यांवर धावणारी मुले दिसतात. कुणी सैन्यात जायच्या तयारीत असतो, कुणी पोलिसांत. अभ्यासिकांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. या मुलांच्या घरी एक दिवस कोणी तरी येते. तो अनोळखी नसतो. पाहुण्यांतला असतो, भावकीतल्या कुणाच्या ओळखीचा असतो, कधी निवृत्त नोकरदार असतो. चहा होतो, ऊसबिलाची विचारपूस होते आणि मग आवाज खाली येतो: "पोराला तेवढं पेपराला बसवा आबा, पुढचं आमच्याकडं लागलं. साहेबांशी बोलणं झालंय. पण कुणाजवळ बोलू नका."

त्या बोलण्यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते. घरातला माणूस मात्र त्या वाक्याला घाबरत नाही, उलट त्यामुळेच त्याचा विश्वास बसतो. कारण नोकऱ्या अशाच गुपचूप, पैसे मोजून मिळतात, अशी त्याची आधीच खात्री झालेली असते. दलाल ही समजूत निर्माण करीत नाही. ती त्याला आयती मिळते आणि तेवढ्याच भांडवलावर त्याचा सारा धंदा उभा राहतो.

ही समजूत निव्वळ भ्रम आहे, असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी व्हायची सैन्यभरतीची देशव्यापी लेखी परीक्षा पुण्यात प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाल्याने रद्द करावी लागली. त्याच वर्षी आरोग्य विभागाच्या गट क व गट ड पदांच्या परीक्षांचे पेपर फुटले. डिसेंबर २०२१ मध्ये तर आधीच्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराबद्दल राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. एवढे सगळे डोळ्यांसमोर घडल्यावर खेड्यातल्या बापाने 'पैसे दिल्याशिवाय काही होत नाही' असे म्हटले, तर त्याला खुळा ठरवणे अन्यायाचे होईल.

परंतु याच प्रकरणांचा शेवट काय झाला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पात्रता परीक्षेच्या त्या प्रकरणात २०२२ मध्ये सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांवर कारवाईची कुऱ्हाड पडली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले. खोट्या कागदपत्रांवर शेकडो शिक्षकांच्या नेमणुका दाखवून सरकारी तिजोरीतून पगार काढले गेल्याचा आरोप झाला, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली आणि ज्यांनी 'नोकरी मिळाली' म्हणून पेढे वाटले होते त्यांच्यापैकी अनेकांच्या दारात तपास येऊन उभा राहिला. तेव्हा पैसे देऊन न मिळालेली नोकरी हे जसे नुकसान आहे, तसेच पैसे देऊन मिळालेली नोकरी हीही आयुष्यभर पाठीमागे लागणारी धास्ती आहे.

दलालाचे गणित

या धंद्यात एक प्रकार असा आहे की, त्यात दलालाला कोणत्याही कचेरीत एका शिपायाचीही ओळख असावी लागत नाही. समजा, त्याने वीस मुलांकडून प्रत्येकी पाच लाख रुपये घेतले. मुले धावली, अभ्यास केला, परीक्षेला बसली. वीसपैकी तीन मुले स्वतःच्या गुणवत्तेवर निवडली गेली. त्या तिघांचे पंधरा लाख दलालाने ठेवून घेतले आणि बाकीच्यांना 'यंदा वरून अडलं' असे सांगून पैसे हप्त्याहप्त्याने परत केले. दलालाने यात काय केले? काहीही नाही. परंतु गावात तीन साक्षीदार तयार झाले की पैसे दिले आणि काम झाले. ज्यांचे पैसे परत आले तेही सांगू लागले की माणूस शब्दाचा पक्का आहे. पुढच्या भरतीला त्याच्या दारात चाळीसजण उभे राहतात आणि एखाद्या वर्षी तो त्या चाळिसांचेही पैसे घेऊन नाहीसा होतो.

या गणितातली सर्वांत दुःखाची गोष्ट पैशाची नाही. जो मुलगा स्वतःच्या पायांवर धावून, स्वतःच्या डोक्याने उत्तरे लिहून निवडला गेला, त्यालाही आपण विकत घेतलेल्या खुर्चीवर बसलो आहोत असे जन्मभर वाटत राहते. त्याची गुणवत्ता त्याच्याकडूनच चोरली जाते. पुढे खुर्चीवर बसल्यावर तो ते पाच लाख कोणाकडून वसूल करायचे याचा हिशेब मांडू लागला, तर त्याची किंमत सामान्य नागरिक मोजतो.

देखाव्याने भुलणारी शहाणी माणसे

फसतात ती अडाणी माणसे, असा शिकलेल्यांचा एक गोड गैरसमज आहे. मार्च १९८७ मध्ये मुंबईत एका प्रमुख इंग्रजी दैनिकात गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी या पदांसाठी तडफदार पदवीधर पाहिजेत, अशी जाहिरात आली. ती देणाऱ्याने नामांकित हॉटेलात मुक्काम ठोकला, रीतसर मुलाखती घेतल्या आणि सव्वीसजणांची निवड केली. १९ मार्च रोजी त्याने या सव्वीसजणांना बसमधून ऑपेरा हाउस भागातील एका प्रसिद्ध जवाहिऱ्याच्या पेढीवर नेले, आपण केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी असल्याचे सांगून 'धाड' घातली आणि लाखो रुपयांचे दागिने ताब्यात घेऊन तो निघून गेला. मागे राहिले ते सव्वीस पदवीधर. आपण सरकारी कामगिरीवर आहोत, अशी त्यांची त्या क्षणापर्यंत खात्री होती. तो ठक कधीच सापडला नाही. या तरुणांचे पैसे गेले नाहीत, पण त्यांच्या विश्वासाचा उपयोग दरोड्यासाठी झाला. छापील जाहिरात, मोठे हॉटेल, मुलाखत, ओळखपत्र यांपैकी एकही गोष्ट नोकरी खरी असल्याचा पुरावा ठरत नाही, हा त्या घटनेचा धडा होता.

पस्तीस वर्षांनी दिल्लीत हाच धडा अधिक क्रूरपणे गिरवला गेला. २०२२ च्या जून-जुलै महिन्यांत तामिळनाडूतील अठ्ठावीस तरुणांना तिकीट तपासनीस, वाहतूक साहाय्यक, कारकून अशा रेल्वेतील पदांच्या नावाखाली दिल्लीला नेण्यात आले. त्यांच्याकडून मिळून २ कोटी ६७ लाख रुपये उकळले गेले. त्यांची वैद्यकीय तपासणी झाली आणि नंतर सुमारे महिनाभर त्यांना नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटांवर उभे करण्यात आले. रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजणे हेच त्यांचे 'प्रशिक्षण' होते. पदवीधर, अभियंते असलेली ही मुले इमानाने डबे मोजत राहिली. त्यांना तिथवर पोहोचवणारा मध्यस्थ एक वृद्ध माजी सैनिक होता. आपण यात एक पैसाही घेतला नाही, मुलांचे भले व्हावे एवढीच इच्छा होती, असे त्याने सांगितले, आणि शेवटी पोलिसांकडे फिर्यादही त्यानेच दिली. म्हणजे ओळखीचा आणि प्रामाणिक माणूस मध्ये असणे हीसुद्धा हमी नव्हे. तो स्वतःच फसलेला असू शकतो.

खऱ्या भरतीची वाट

मग खरे कशावरून ओळखावे? खऱ्या सरकारी भरतीला एक वाट असते आणि ती सर्वांना दिसते. जाहिरात क्रमांकासह प्रसिद्ध होते. अर्ज ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संकेतस्थळावरच स्वीकारले जातात. परीक्षेनंतर उत्तरतालिका लागते, हरकती मागवल्या जातात, गुणवत्ता यादी लागते, कागदपत्रांची पडताळणी होते, निवड यादी व प्रतीक्षा यादी जाहीर होते आणि मग वैद्यकीय तपासणी व चारित्र्य पडताळणीचे टप्पे येतात. यांतली एकही पायरी गाळून थेट नेमणुकीचे पत्र हाती आले, तर त्या पत्रावर राजमुद्रा कितीही ठळक असली तरी ते खोटेच समजावे. पत्रावरचा जाहिरात क्रमांक आणि जावक क्रमांक घेऊन संबंधित कचेरीत स्वतः जावे. पत्रावर छापलेल्या दूरध्वनीवर चौकशी करू नये, कारण तो दूरध्वनी उचलणारा माणूसही त्याच टोळीतला असू शकतो.

पैशाची कसोटीही सोपी आहे. सरकारी परीक्षेचे शुल्क अर्जासोबत भरायचे असते, ते जाहिरातीत छापलेले असते आणि त्याची पावती मिळते. त्यानंतर 'फाइल पुढे सरकवण्यासाठी', 'मेडिकलसाठी', 'ऑर्डर काढण्यासाठी' जो कोणी रुपया मागेल तो ठक किंवा लाचखाऊ, यांपैकी काही तरी नक्की असतो. मूळ प्रमाणपत्रे पडताळणीच्या वेळी दाखवायची असतात, कोणाकडे गहाण ठेवायची नसतात.

खासगी नोकरीतही हीच कसोटी लागू पडते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या वसाहतींतील कारखाना असो की पुण्या-मुंबईची कंपनी, पगार देणारा मालक कामगाराकडून नोंदणी, गणवेश किंवा अनामत या नावाखाली आधी पैसे मागत नाही. 'कार्यालयीन काम' म्हणून बोलावून घेऊन तरुणांना महागड्या वस्तू गळ्यात घालणे आणि आणखी मित्र आणले तरच कमाई, असे सांगणे हा तर नोकरीचा मुखवटा घातलेला साखळी-व्यवहार होय. असल्या पैसा-फिरव योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही अशी साखळी रचण्यास मनाई केली आहे. भ्रमणध्वनीवर येणारे 'घरबसल्या काम' त्याच जातीचे. पहिल्या दिवशी दोन-चारशे रुपये खात्यात येतात, म्हणून विश्वास बसतो. मग 'मोठ्या कामासाठी' आधी रक्कम भरा असे सांगितले जाते आणि भरलेली रक्कम परत येत नाही.

परदेशातील नोकरीच्या बाबतीत १९८३ चा उत्प्रवासन कायदा स्पष्ट आहे. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. नोंदणीकृत दलालालाही उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. दलाल नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या व्यवस्थेत पाहता येते. जहाजावरच्या नोकरीसाठी भरती करणाऱ्या संस्थेला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तिला खलाशाकडून भरतीचे पैसे घेण्यास मनाई आहे. पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा परवाना करून देऊ, असे जो सांगतो त्याच्याबरोबर विमानतळापर्यंतही जाऊ नये. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील कोंडवाड्यांत डांबून, त्यांच्याकडूनच दूरध्वनीवरून लोकांना फसवण्याचे काम करून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ जणांना परत आणले. नोकरीच्या मोहाने फसलेला माणूस इतरांना फसवण्याचे हत्यार बनतो, हे १९८७ च्या मुंबईत घडले आणि तेच अधिक भीषण रूपात पुन्हा घडले.

मौनाची किंमत

फसल्यावर बहुतेक कुटुंबे गप्प राहतात. जमिनीचा तुकडा विकलेला असतो, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते, आईच्या अंगावरचा दागिना गेलेला असतो. तरी पोलीस ठाण्याची पायरी चढली जात नाही. लोक हसतील ही एक भीती असते. त्याहून मोठी भीती ही की, आपणही लाच द्यायला निघालो होतो. दलाल हे ओळखून असतो. 'माझं नाव घेतलंत तर तुमचा पोरगाही आत जाईल,' हे त्याचे ठरलेले वाक्य.

या धमकीत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती चालते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण मिळते. पैसे मागितले जात असतानाच १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवणे हा त्याहून चांगला मार्ग. ज्याच्या हाती नोकरी देण्याचा अधिकारच नव्हता, त्याने ती देतो म्हणून पैसे घेतले असतील तर ती फसवणूक होय आणि भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखाली तिला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यवहार बँकेतून किंवा भ्रमणध्वनीवरून झाला असेल तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार करावी, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो गोठवण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

कागदावर भिस्त ठेवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळदा दलाल घेतलेली रक्कम 'हातउसनी' म्हणून मुद्रांकावर लिहून देतो आणि घरचे निर्धास्त होतात. परंतु बेकायदा हेतूसाठी केलेला करार १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमानुसार मुळातच रद्दबातल असतो. नोकरी विकत घेण्यासाठी दिलेले पैसे अशा कागदाच्या आधारे दिवाणी न्यायालयातून वसूल होतील, ही आशा बहुधा फोल ठरते.

जबाबदारी कोणाची?

एवढे सांगून सारा भार उमेदवारावर टाकणे मात्र योग्य होणार नाही. जाहिरात निघते, परीक्षा लांबते, निकाल लांबतो, निकालानंतर नेमणुका लांबतात. या लांबलेल्या महिन्यांतच दलालाचे पीक येते. 'काम कुठं अडलंय' या प्रश्नाला कचेरी उत्तर देत नाही, म्हणून तो देतो. प्रत्येक उमेदवाराचे गुण, उत्तरपत्रिकेची प्रत, प्रतीक्षा यादीतील क्रमांक आणि नेमणुकीची तारीख वेळच्या वेळी जाहीर होत राहिली, तर 'यंदा वरून अडलं' हे वाक्य उच्चारण्याची सोयच राहणार नाही. दलालाला पकडणारा पोलीस जितका आवश्यक आहे, तितकीच निकाल वेळेवर लावणारी कचेरीही आवश्यक आहे.

शाळा-महाविद्यालयांनाही यात काम आहे. अर्ज कसा भरावा हे मुलांना शिकवले जाते, नेमणुकीचे पत्र कसे तपासावे हे कोणी शिकवीत नाही. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नोंदणीला पैसे लागत नाहीत, ही साधी गोष्टही अनेकांना ठाऊक नसते. गावातल्या शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनाला, पुढे शिकत असलेल्या थोरल्या भावाला असा कागद एकदा दाखवला असता तरी कितीतरी जमिनी वाचल्या असत्या. पण 'कुणाजवळ बोलू नका' या एका वाक्याने घरातला शहाणा माणूसच आधी दूर ठेवला जातो. म्हणून नोकरीविषयीची जी गोष्ट चारचौघांत बोलता येत नाही, ती आधी चारचौघांत बोलावी. खरी असेल तर तिचे काही बिघडणार नाही आणि खोटी असेल तर ती तिथेच उघडी पडेल.

कोल्हापूरला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा काढली, ती संस्थानच्या गॅझेटमध्ये छापून. तोपर्यंत दरबारची नोकरी ज्यांना ओळखीपाळखीविना स्वप्नातही दिसत नव्हती, त्यांच्यासाठी ती आज्ञा सर्वांना वाचता येईल अशा जागी लिहिली गेली. नोकरी ही कोणाच्या मेहेरबानीची वस्तू नसून जाहीर नियमाने मिळणारा हक्क आहे, हा विचार या मातीत सव्वाशे वर्षांपूर्वी पेरला गेला. ज्या घरांना त्या आज्ञेने कचेरीचे दार प्रथम उघडून दिले, त्याच घरांतली नातवंडे-पतवंडे आज मूळ प्रमाणपत्रे दलालाकडे गहाण ठेवत असतील, तर चूक एकट्या दलालाची नाही. जाहीर नियमावरचा विश्वास शासनाने आपल्या वागण्याने परत मिळवला पाहिजे, आणि तोवर आवाज खाली आणून बोलणाऱ्या पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावण्याएवढे धैर्य घराघराने दाखवले पाहिजे.